वायिश्लाह: विसरलेल्या बरण्या, सहा ठिपके आणि दाईचं झाड

तुम्ही मराठी बायबलमधून वायिश्लाह ही पराशा, म्हणजे तोराचा (मोशेच्या पाच पुस्तकांचा) एका आठवड्याचा पाठ, वाचलीत आणि पाच जागी अडलात. सगळं बिऱ्हाड नदीपार गेल्यावर याकोब एकटाच अलीकडे का राहिला? ‘अकरा मुलं’ म्हटलंय, मग त्याची मुलगी दीना कुठे गेली? भाऊ एसावाने घेतलेल्या मुक्यावर सेफेर तोरात, म्हणजे हाताने लिहिलेल्या तोराच्या गुंडाळीत, ठिपके असतात असं ऐकलंत, ते कशाला? मध्येच एका म्हाताऱ्या दाईच्या मरणाची नोंद का? आणि शेवटची एसावाची लांबलचक वंशावळ सोडून दिली तर चालेल का?

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी, घरातला. तीसेक वर्षं सिनेगॉगमध्ये पराशा वाचतो आणि शनिवारी दुपारी लहानमोठ्यांना ती मराठीतून समजावून सांगतो. तुम्ही जिथे अडलात तिथेच आमच्याकडे दरवर्षी कोणी ना कोणी अडतं, आणि मला त्याचा आनंद होतो. कुठेही न अडखळता ही पराशा वाचून संपली, तर ती वाचलीच गेली नाही असं मी समजतो.

एक व्यवहाराची गोष्ट आधी सांगतो. हिब्रू तोरात उत्पत्तीच्या बत्तिसाव्या अध्यायाचे आकडे मराठी बायबलपेक्षा एकने पुढे असतात, कारण मराठीत एकतिसाव्या अध्यायाचं शेवटचं जे वचन आहे ते हिब्रूत बत्तिसाव्याचं पहिलं. मी खाली हिब्रू आकडे देतोय. या अध्यायात तुमच्या प्रतीत पाहताना एक वजा करा.

गोष्ट थोडक्यात अशी. याकोब वीस वर्षं मामाकडे, लाबानाकडे, राबून बायकामुलं आणि गुरंढोरं घेऊन घरी निघालाय. वाटेत भाऊ आहे, एसाव. आंधळ्या बापाला फसवून याकोबाने त्याचा आशीर्वाद घेतला होता आणि एसावाने तेव्हाच याला मारून टाकायचं मनात धरलं होतं. आता तो चारशे माणसं घेऊन सामोरा येतोय. तोरा आमच्याकडे वर्षभरात 54 भागांत वाचून पुरी होते. त्यातला हा भाग किस्लेव महिन्यात, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास येतो.

तोरा शब्दांच्या बाबतीत फार काटकसरी आहे. झाड कसं होतं, आभाळ कसं होतं, चेहऱ्यावर काय उमटलं, हे ती बहुधा सांगत नाही. त्यामुळे जिथे एखादा शब्द जास्तीचा वाटतो किंवा हवा असलेला शब्द मिळत नाही, तिथे रब्बी, म्हणजे आमचे शास्त्री, थांबतात. याच पराशेत 32:8 मध्ये याकोब ‘फार भ्याला आणि व्याकूळ झाला’ असं आहे. एकाच भीतीसाठी दोन क्रियापदं का? राशी, अकराव्या शतकातले फ्रान्समधले भाष्यकार, मिद्राशाच्या म्हणजे रब्बींच्या जुन्या निरूपणांच्या आधाराने सांगतात की तो भ्याला आपण मारले जाऊ म्हणून, आणि व्याकूळ झाला आपल्या हातून दुसरं कोणी मारलं जाईल म्हणून. एका जास्तीच्या शब्दातून एक अख्खा माणूस उभा राहिला. ही रीत ध्यानात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावरच चालतं.

या वाचनाच्या दोन वाटा आहेत. पेशात म्हणजे सरळ अर्थ, वाक्य आणि व्याकरण जे सांगतं ते. दराश म्हणजे शोध घेऊन काढलेला अर्थ. मराठी माणसाला दराश परका वाटायचं कारण नाही. कीर्तनकार एका ओवीवर तासभर निरूपण करतात, तेव्हा ओवीतला एकेक शब्द ते असाच उलगडत असतात. आमच्या समाजातही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बायबलातल्या कथांवर मराठी कीर्तनं व्हायला लागली, झांजा आणि पेटीसकट. ज्यांना हिब्रू येत नव्हतं त्या आयाबायांपर्यंत याकोब आणि योसेफ त्या वाटेनेही पोचले.

आता तुमचा पहिला प्रश्न. 32:24 मध्ये सांगितलंय की याकोबाने बायकामुलांना याब्बोक नदीपार केलं आणि ‘आपलं जे काही होतं ते’ही पार केलं. लगेच पुढच्या वचनात आहे: ‘आणि याकोब एकटा राहिला.’ सगळंच पलीकडे गेलं, तर हा अलीकडे कशासाठी? रात्रीची वेळ, समोरून चारशे माणसं येताहेत, आणि घरचा कर्ता माणूस मुलाबाळांना सोडून काठावर एकटा. तुम्हाला हे खटकलं हे योग्यच झालं.

तालमुदात, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या मोठ्या संग्रहात, हुल्लिन या ग्रंथाच्या 91व्या पानावर, रब्बी एलाझार म्हणतात की तो लहान बरण्यांसाठी परत गेला. हिब्रूत ‘पाखिम कतानिम’. तेला-बिलाची छोटी भांडी म्हणा. पुढे ते म्हणतात, यावरून कळतं की नीतिमान माणसांना आपली मालमत्ता आपल्या देहापेक्षाही प्रिय असते. पहिल्यांदा ऐकताना हे विचित्र वाटतं, कोणी कंजूसपणाची स्तुती करतंय असं. पण तालमुद तिथेच कारण देतं: ते चोरीला हात लावत नाहीत म्हणून.

हे कळायला याकोबाचीच दोन वाक्यं शेजारी ठेवावी लागतात. 32:11 मध्ये तो प्रार्थनेत म्हणतो, हातात फक्त काठी घेऊन मी ही यार्देन ओलांडली होती. आणि त्याआधी, 31:40-41 मध्ये, मामाला तो हिशेब सुनावतो: चौदा वर्षं तुझ्या दोन मुलींसाठी, सहा वर्षं तुझ्या कळपासाठी, आणि दहा वेळा तू माझी मजुरी बदललीस. दिवसा उन्हाने भाजलो, रात्री थंडीने काकडलो, डोळ्याला डोळा लागला नाही. ज्याने एकेक भांडं असं कमावलं, त्याच्या लेखी क्षुल्लक भांडं नसतं. माझी आजी फुटक्या कपाचा कान जपून ठेवायची. ती गरिबीची सवय होती, पण त्यात आपल्या कष्टाचा मानही होता. रब्बी एलाझारांनी याकोबाकडे तशाच नजरेने पाहिलं असावं असं मला वाटतं.

नंतरच्या काही भाष्यांनी अक्षरांचाही एक खेळ दाखवला. ‘एकटा’ला हिब्रूत ‘लेवादो’. ‘लेकादो’ म्हणजे ‘आपल्या घड्यासाठी’. मधलं एकच अक्षर वेगळं, बेथ आणि काफ, आणि ती दोन अक्षरं दिसायला इतकी सारखी की शिकाऊ वाचक हमखास चुकतो. बेथला खाली उजवीकडे छोटी टाच असते, काफ तिथे गोल वळतं. आपल्याकडे ‘घ’ आणि ‘ध’ किंवा ‘भ’ आणि ‘म’ यांच्यात लहान मुलं गोंधळतात तसंच. शब्द बदलून वाचा असं कोणी म्हणत नाही. सेफेर तोरात ‘लेवादो’च आहे आणि ‘लेवादो’च वाचायचं. दराश त्या शब्दाच्या शेजारी दुसरा एक शब्द बसवतो, एवढंच.

पण एवढ्यावर थांबलात तर तुम्ही अर्धंच ऐकलंत. राशींचा नातू राशबाम, बाराव्या शतकात फ्रान्समध्येच, अगदी निराळं सांगतो. आजोबांना मिद्राश प्रिय, नातू पेशातचा कडवा आग्रही. त्याच्या मते याकोबाने रात्रीतून सगळ्यांना पार केलं ते दुसऱ्या वाटेने पळून जायला. शेवटी स्वतः ओलांडणार, तेवढ्यात देवाच्या दूताने त्याला धरलं आणि पहाटेपर्यंत सोडलं नाही, म्हणजे त्याला पळता येऊ नये आणि भाऊ आपल्याला मारत नाही हे त्याने उघड्या डोळ्यांनी पाहावं. जांघेचा सांधा निखळला तोही त्यामुळेच, कारण देवाने वचन देऊनसुद्धा हा पळत होता. राशबाम योना संदेष्ट्याचं उदाहरण देतो, तोही असाच पळाला आणि समुद्रात अडकला.

राशींनी बरण्यांचा अर्थ आपल्या भाष्यात घेतला, नातवाने तो बाजूला ठेवला, आणि आज छापील हुमाशमध्ये, म्हणजे भाष्यांसकट छापलेल्या तोरात, दोघांची भाष्यं एकाच पानावर असतात. कोणी कोणाला खोडलेलं नाही. मला विचाराल तर वाक्याच्या ओघात राशबामचं वाचन जास्त चपखल बसतं. ‘उठला त्या रात्री’, घाईघाईने पार करणं, अंधार, सगळं पळण्याच्याच खुणा. तरी शनिवारी शिकवताना मी बरण्या वगळत नाही. संसार गुंडाळून गाव सोडलेल्या माणसांना त्या लगेच कळतात. बेने इस्राएलांच्या इस्राएलला गेलेल्या प्रत्येक घरात कोणीतरी एखाद्या बरणीसाठी मागे वळलेलं असतं.

मांडीची नस न खाण्याचा नियम, 32:33, इथेच आहे. तुम्ही तो विचारला नाहीत म्हणून एकच गोष्ट. मिश्नेत, म्हणजे तालमुदाच्या मूळ गाभ्यात, ऋषी म्हणतात, आज्ञा सिनायवर दिली गेली पण लिहिली गेली ती तिच्या जागी, म्हणजे जिथे घडलं तिथे.

दीनाचा प्रश्न लहान दिसतो, पण मला तो सगळ्यांत अवघड जातो. 32:23 मध्ये याकोब दोन बायका, दोन दासी आणि ‘आपली अकरा मुलं’ घेऊन नदी ओलांडतो. बेन्यामीन अजून जन्मलेला नाही, तेव्हा मुलगे बरोब्बर अकरा. सरळ अर्थाने पाहिलं तर मोजणी मुलग्यांची आहे, तेवढंच. तोरात इतरत्रही वंश मोजताना मुलगे मोजले जातात. पण मिद्राश तिथे थांबत नाही, कारण दोन अध्यायांनंतर, 34 मध्ये, तीच दीना शखेम गावी एका सरदाराच्या मुलाच्या हाती सापडते आणि त्यातून कत्तल होते. बेरेशीथ राब्बा, उत्पत्तीवरचा मिद्राश, सांगतं: याकोबाने तिला पेटीत बंद करून कुलूप लावलं, एसावाची नजर तिच्यावर पडू नये म्हणून. आणि म्हणूनच तो दोषी ठरला. भावापासून तिला लपवलंस, कदाचित तिने त्याला सुधारलं असतं.

हा मिद्राश वर्गात वाचला की बाया अस्वस्थ होतात, आणि त्यांचं बरोबर आहे. मी तो असा वाचतो. त्यात दोष दीनावर कुठेच नाही. ठपका सरळ बापावर आहे, आणि तो बाप म्हणजे आमचा मूळपुरुष, ज्याच्या इस्राएल या दुसऱ्या नावावर आमच्या समाजाचं नाव. रब्बींनी त्यालाही सोडलं नाही. मुलीला वाचवायचं म्हणून तिला कुलपात ठेवणारा बाप तिला वाचवू शकला नाही, हे त्यांनी पंधराशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलं. मात्र एसावाशी लग्न झालं असतं तर तिने त्याला सुधारलं असतं, हा भाग मी शिकवत नाही, फक्त तसं लिहिलंय एवढं सांगतो. बिघडलेल्या माणसाला सुधारायला मुलगी द्यावी, हा विचार आपल्या गावांतून अजून पुरता गेलेला नाही आणि त्याला मी धर्मग्रंथाचा आधार देणार नाही.

आता ठिपके. 33:4: एसाव धावत आला, त्याला मिठी मारली, गळ्यात पडला, त्याचा मुका घेतला, आणि ते रडले. ‘मुका घेतला’ला हिब्रूत एकच शब्द, ‘वायिश्शाकेहू’. हिब्रूत त्याची सहा अक्षरं, आणि सहाही अक्षरांच्या डोक्यावर एकेक ठिपका.

हे किती ठळक दिसतं ते सेफेर तोरा जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. चर्मपत्रावर नुसती व्यंजनं असतात. स्वरचिन्हं नाहीत, विराम नाहीत, वचनांचे आकडे नाहीत. काळ्या शाईच्या सरळ ओळी. मी चांदीची याद, म्हणजे टोकाला बोट असलेली कांडी, ओळीवरून सरकवत वाचत जातो आणि त्या ओळीवर एकदम सहा ठिपके येतात, सुईने टोचल्यासारखे. शेजारी उभं असलेलं पोर दरवर्षी तिथे वाकून पाहतं. तोरात असे ठिपके असलेल्या जागा एकंदर दहा आहेत. लिहिणारा सोफेर त्यातला एकही चुकवू शकत नाही.

ते कुठून आले? एक जुनी परंपरा एज्रा शास्त्र्याच्या नावावर आहे. काही शब्दांविषयी त्याच्या मनात शंका होती. तो म्हणाला, एलियाहू संदेष्टा येऊन मला विचारेल, हे का लिहिलंस, तर मी म्हणेन, ठिपके देऊन ठेवलेत की. आणि एलियाहू म्हणाला, बरोबर लिहिलंस, तर मी ठिपके काढून टाकीन. ही आख्यायिका आमच्या लोकांना सांगायला मला फार आवडतं. बेने इस्राएलांच्या घरी एलियाहू हन्नाबी पाहुण्यासारखा येतो-जातो. नवस फेडताना मलिद्याचं ताट करतो, पोहे, गूळ, खोबरं, फळं, आणि त्याच्या नावाचं गीत म्हणतो. अलिबागजवळ खंडाळे गावी त्याच्या रथाच्या खुणा खडकावर उमटल्यात अशी आमची श्रद्धा आहे. तोच एलियाहू उद्या येऊन पोथीतले ठिपके तपासणार आहे, हे ऐकलं की म्हाताऱ्या माणसांचे डोळे चमकतात.

अर्थावर मात्र रब्बींमध्ये सरळ दोन तट आहेत. एक मत रब्बी यान्नाईंचं: एसाव मुका घ्यायला आलाच नव्हता, चावायला आला होता. ‘नाशाक’ म्हणजे मुका घेणं, ‘नाशाख’ म्हणजे चावणं, शेवटच्या अक्षराचा फरक. याकोबाची मान संगमरवराची झाली आणि एसावाचे दात बोथटले. मग ‘ते रडले’ का? एक आपल्या मानेसाठी रडला, दुसरा आपल्या दातांसाठी. मुलांना हे तोंडपाठ होतं, आणि बऱ्याच जणांना आयुष्यभर एवढंच आठवतं.

दुसरं मत राशी सिफ्रे या ग्रंथातून देतात, रब्बी शिमोन बार योहाय यांचं. एसाव याकोबाचा द्वेष करतो हे ठरलेलंच आहे, जणू हलाखा, जणू कायदा. पण त्या घडीला त्याच्या पोटात माया दाटून आली आणि त्याने मनापासून मुका घेतला.

हे कोण म्हणतंय ते पाहा. रब्बींच्या भाषेत एसाव म्हणजे एदोम, आणि एदोम म्हणजे रोम. शिमोन बार योहाय रोमविरुद्ध बोलले म्हणून त्यांच्यावर मरणाची शिक्षा निघाली होती. तालमुद सांगतं की मुलाला घेऊन ते बारा वर्षं गुहेत लपले आणि नंतर आणखी एक वर्ष. गळ्यापर्यंत वाळूत बसून अभ्यास करायचे, कपडे झिजू नयेत म्हणून. एसावावर अविश्वास ठेवायचा हक्क कोणाला असेल तर त्यांना. पहिलं अर्धं वाक्य ते त्याच हक्काने बोलतात, द्वेष आहे, त्यात शंका नको. आणि तरी दुसऱ्या अर्ध्यात ते त्या एका मुक्याला खोटं ठरवत नाहीत. ठिपक्यांची गरज त्यांना इथे दिसते. नेहमीसारखं झालं असतं तर खूण कशाला हवी होती?

बाराव्या शतकातले भाष्यकार इब्न एज्रा तर दात बोथटल्याच्या दराशाबद्दल म्हणतात की तो दूध सुटलेल्या बाळांना ठीक आहे. सरळ अर्थाने एसावाच्या मनात वाईट नव्हतं, आणि पुरावा म्हणजे ‘ते रडले’, पुढे योसेफ भावांना भेटून रडला तसंच. व्याकरणाच्या अंगाने मी इब्न एज्रांच्या बाजूने आहे. पण मनात राहतात ते शिमोन बार योहाय, कारण ते द्वेषही खरा मानतात आणि मायाही.

तालमुदाच्या ज्या पानावर ते गुहेतून बाहेर येतात, शब्बाथ ग्रंथाचं 33वं पान, तिथे ते याच पराशेतलं वचन उच्चारतात: ‘याकोब शालेम आला’, 33:18. शालेम म्हणजे पूर्ण, धड. जो आदल्या अध्यायात लंगडत होता तो पूर्ण कसा? राव नावाचे रब्बी म्हणतात, शरीराने पूर्ण, धनाने पूर्ण, तोराने पूर्ण. आणि त्याच वचनात पुढे ‘त्याने शहरासमोर तळ दिला’ म्हणजे काय, तर राव म्हणतात त्याने तिथे नाणं चालू केलं, शमुएल म्हणतात बाजार बसवले, रब्बी योहानान म्हणतात स्नानगृहं बांधली. जीव वाचलेला माणूस नव्या गावात लोकांच्या सोयीचं काही करतो. शिमोन बार योहायही मग विचारतात, इथे दुरुस्त करण्यासारखं काही आहे का?

दाईकडे येतो. 35:8: ‘रिबकेची दाई दबोरा मेली आणि बेथेलच्या खाली ओक झाडाखाली तिला पुरलं, आणि त्याचं नाव अल्लोन-बाखूथ पडलं,’ म्हणजे रडण्याचं झाड. ही दाई 24:59 मध्ये याकोबाच्या आईबरोबर, रिबकेबरोबर, माहेरून निघाली होती, बिननावाची. नाव कळतं ते थेट मरणाच्या वेळी. आणि अडचण अशी की ती रिबकेची दाई, तर रिबकेच्या घरी, इसहाकाकडे असायला हवी. याकोबाच्या तांड्यात ती कशी?

राशी इथे नार्बोनच्या मोशे हादार्शान यांचं उत्तर देतात. याकोब पळाला तेव्हा आई म्हणाली होती, भावाचा राग निवळला की मी माणूस पाठवून तुला बोलावून घेईन, 27:45. तो निरोप घेऊन तिने आपल्या म्हाताऱ्या दाईला पाठवलं. दाई परतीच्या वाटेवर मेली. रामबान, तेराव्या शतकातले स्पेनमधल्या गिरोनाचे भाष्यकार, यांना एवढ्या म्हातारीला दूत म्हणून पाठवणं पटत नाही. याकोबाने आईच्या मानाखातर तिला म्हातारपणी सांभाळायला बरोबर घेतलं असावं, असं ते सुचवतात. मला रामबानांचं म्हणणं जास्त घरगुती आणि खरं वाटतं. पण राशी पुढे जे सांगतात ते सोडवत नाही.

रिबकेचं मरण तोरात कुठेच लिहिलेलं नाही. आजी साराचं आहे, बायको राहेलीचं याच पराशेत आहे, रिबकेचं नाही. मिद्राश ‘अल्लोन’ हा शब्द ग्रीक समजून वाचतो. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘दुसरं’. म्हणजे दुसरं रडणं. दाईसाठी रडत असताना याकोबाला आई गेल्याचं कळलं. आणि ते उघड का लिहिलं नाही? कारण तिचा मृत्यू गाजावाजा न करता उरकला गेला. लोक म्हणाले असते, ज्या कुशीतून एसाव जन्मला ती कुस जळो. रामबान आणखी एक चित्र उभं करतात: नवरा आंधळा, घराबाहेर पडत नाही, आवडता मुलगा परदेशी, दुसऱ्याच्या मनात राग. तिला न्यायला कोण होतं?

आणि लगेच पुढचं वचन, 35:9: देव याकोबाला पुन्हा दिसला आणि त्याला आशीर्वाद दिला. कोणता आशीर्वाद, ते तिथे सांगितलेलं नाही. राशी म्हणतात, शोक करणाऱ्यांना देतात तो. आम्ही शिवा, म्हणजे सुतक, पाळताना सात दिवस जमिनीलगत बसतो आणि लोक येऊन सांत्वन करतात. देवही असाच दारात आला. एका दाईच्या मरणाची ओळ, एक परका शब्द आणि एक न सांगितलेला आशीर्वाद जुळवून रब्बींनी एका आईचं सुतक पाळलं.

राहिली वंशावळ. सोडू नका. हा प्रश्न जुना आहे. सान्हेद्रिन ग्रंथाच्या 99व्या पानावर तालमुद सांगतं की यहूदाचा राजा मनश्शे टवाळी करत विचारायचा, मोशेला लिहायला दुसरं काही नव्हतं का, ‘लोटानाची बहीण तिम्ना’ म्हणून लिहून ठेवलंय? ते वचन म्हणजे 36:22. तालमुद टवाळीचा निषेध करतं, आणि मग स्वतःच विचारतं, बरं, पण खरंच, हे लिहिलंय कशासाठी?

उत्तर असं. तिम्ना राजघराण्यातली. तिचा भाऊ लोटान सरदार होता, 36:29 मध्ये ते आहे. तिला या लोकांत यायचं होतं. ती अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्याकडे गेली. त्यांनी तिला घेतलं नाही. मग ती एसावाच्या मुलाची, एलिफाजची, उपपत्नी झाली, 36:12. म्हणाली, दुसऱ्या लोकांत मालकीण होण्यापेक्षा या घराण्याची दासी झालेली बरी. तिच्या पोटी अमालेक जन्मला, ज्याने पुढे इस्राएलाला छळलं. असं का झालं? तालमुद एका वाक्यात सांगतं: त्यांनी तिला दूर लोटायला नको होतं.

तिन्ही मूळपुरुषांवर, एकाच वेळी, एवढा स्पष्ट ठपका दुसरीकडे मला आठवत नाही. आणि तो कुठे सापडला, तर ज्या अध्यायाचं पान सगळे उलटून टाकतात तिथे.

आमच्या लोकांना हे वचन लागतं, त्याला कारण आहे. 1948 नंतर कोकणातून आणि मुंबईतून इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएलांना 1960च्या दशकाच्या सुरुवातीला लग्नाची नोंद करताना मागच्या पिढ्यांची वंशावळ विचारली जायला लागली. शेकडो वर्षं नवगाव, पेण, अलिबाग, पनवेलच्या गावांत तेल गाळून, शनिवारी घाणा बंद ठेवून ज्यांनी शब्बाथ पाळला, ज्यांना शेजारीपाजारी शनवार तेली म्हणूनच ओळखत, त्यांना. निदर्शनं झाली, आणि 1964 मध्ये क्नेसेतने, म्हणजे इस्राएलच्या संसदेने, जाहीर केलं की बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदी आहेत. आमचं तिम्नासारखं नव्हतं, आम्ही बाहेरून आत यायला मागत नव्हतो, आम्ही घरचेच होतो. पण दाराशी उभं राहणं म्हणजे काय ते त्या पिढीने पाहिलं. तेव्हा तरुण असलेले काही जण मी तोरा शिकायला लागलो त्या काळात सिनेगॉगच्या पहिल्या बाकावर बसायचे. छत्तिसावा अध्याय आला की वाचणारे सहसा वेग वाढवतात, नावांमागून नावं. त्यांच्यातले एक मला म्हणाले होते, इथे हळू वाच बाबा, हा आपला अध्याय आहे. मी अजून तो हळू वाचतो.